‘भिया’ कुणाला, ‘भावा’ कुणाला: इंदूरच्या मराठी मुलांच्या बोलीची शब्दवही कशी करावी

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात वाढलेला मराठी मुलगा पुण्याच्या वसतिगृहात ‘जरा पन्नी दे रे’ म्हणतो, तेव्हा पुण्या-साताऱ्याची पोरं एकमेकांकडे बघतात आणि नागपूरचा मुलगा उठून प्लॅस्टिकची पिशवी काढून देतो. ‘पन्नी’ इंदुरात चालते, नागपुरात चालते, पुण्यात ‘कॅरीबॅग’ म्हणावं लागतं. वडोदऱ्याचा कुणी असेल तर तो ‘झबलं’ म्हणेल, कारण त्या पिशवीचा आकार बाळाच्या झबल्यासारखा असतो आणि गुजरातीत तेच नाव रूढ आहे. एका पिशवीला तीन नावं झाली, आणि यातलं एकही शालेय पाठ्यपुस्तकात सापडायचं नाही.

असे शब्द टिपायचे कसे, ते खरोखर इंदूरचे आहेत हे ताडायचं कसं आणि कोल्हापूर, नागपूर, मुंबई, वडोदऱ्याच्या शब्दांशेजारी ते मांडायचे कसे, ते इथे सांगितलं आहे. दोघं-तिघं मिळून दोन महिन्यांत ६० ते ८० शब्दांची नीट वही होते. त्याहून मोठा आकडा सुरुवातीला धरू नका. शंभर कच्च्या नोंदींपेक्षा साठ पक्क्या नोंदी कामाच्या.

आधी हे ध्यानात घ्या

१८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. म्हणजे इथली मराठी दोनशे वर्षांहून अधिक काळ माळवी (इंदूरभोवतीच्या माळव्याची बोली) आणि हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसली आहे. जॉर्ज ग्रिअर्सनने ब्रिटिश काळात केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे आणि माळवी नवव्या खंडाच्या दुसऱ्या भागात, राजस्थानीबरोबर. इंदूरचा मराठी मुलगा बोलतो ते या दोन खंडांच्या मधलं आहे. म्हणून त्याच्या बोलीत ‘शुद्ध मराठी शब्द किती’ हे मोजत बसलात तर हाती काही लागणार नाही. शब्द बहुतेक वेळा बाहेरचाच असतो. त्याला लागलेला प्रत्यय मराठी असतो, आणि इंदूरपण तिथेच दिसतं. ‘भिया’ (म्हणजे भैया, भाऊ) हिंदीत कुणीही म्हणेल. ‘भियाला सांग’, ‘भियानं दिलं’, ‘भियाच्या गाडीवर’ हे मराठी घरातलंच मूल म्हणतं. ही गोष्ट पूर्ण कामभर डोळ्यांपुढे ठेवा.

माणसं कोणती निवडायची

मुलांचे तीन वयोगट करा: १३ ते १५, १६ ते १८, १९ ते २२. प्रत्येक गटात पाच जण, आणि त्यात मुलगे-मुली दोन्ही. मुलींचे शब्द वेगळे असतात आणि बहुतेक वह्यांत तेच गळतात. सगळे पंधरा जण एकाच शाळेतले किंवा एकाच गणेशोत्सव मंडळातले नकोत. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर अशा निदान तीन वस्त्या घ्या. शिवाय चाळिशीचे तिघं आणि पासष्टीपुढचे तिघं हवेत, नाहीतर आजोबांच्या वेळचा शब्द नवा म्हणून लिहिला जातो.

इतर गावांसाठी प्रत्येकी तीन माणसं पुरतात, पण अट कडक ठेवा: दहावीपर्यंतचं शिक्षण त्याच गावात झालेलं असावं. पुण्यात चार वर्षं नोकरी केलेला इंदूरकर हा पुण्याचा साक्षीदार नव्हे.

१८ वर्षांखालच्या मुलाशी बोलण्याआधी आई-वडिलांना विचारा आणि मुलालाही विचारा. वहीत नाव लिहू नका. खूण लिहा, उदाहरणार्थ ‘राम-१६-मुलगा-३’: वस्ती (‘राम’ म्हणजे रामबाग), वय, मुलगा की मुलगी, क्रमांक. बोलीत शिव्या येणारच, आणि त्या नावासकट कुणाच्या हाती पडल्या तर त्या मुलाला घरात ओरडा बसेल.

विचारायचं कसं

निम्मं काम इथेच बिघडतं. ‘तुम्ही लोक कोणते स्लँग शब्द वापरता?’ असं विचारलं की मूल एकतर गप्प बसतं, नाहीतर मोबाइलवर ऐकलेले पाच शब्द फेकतं. ‘तू पेलवान म्हणतोस का?’ हा प्रश्न त्याहून वाईट, कारण ‘हो’ म्हणणं सोपं असतं. शब्द तुमच्या तोंडून आधी येता कामा नये. प्रसंग सांगा, शब्द त्याला काढू द्या.

दोन मित्रांना किंवा दोन मैत्रिणींना एकत्र बसवा. एकटं मूल मोठ्या माणसाशी बोलतं तेव्हा शाळेतली मराठी बोलतं, दोघं एकमेकांशी बोलू लागले की घरची आणि गल्लीची बोली आपोआप येते. प्रश्न टाकून तुम्ही मागे सरका. बैठक वीस मिनिटांवर नेऊ नका. खाणं समोर असेल तर उत्तम, पोह्यांवर जीरावन भुरभुरत बसलेली पोरं टेबलाशी बसलेल्या पोरांपेक्षा मोकळी बोलतात.

प्रसंग असे ठेवा:

१. मित्र रस्त्यापलीकडे आहे, त्याला हाक मारायची आहे.
२. अनोळखी रिक्षावाल्याला थांबवायचं आहे.
३. मैत्रिणीला हाक मारायची आहे. ‘अगं’ येतं का ‘अरे’, का नुसतं ‘यार’?
४. तास बुडवून बाहेर गेलात, ते दुसऱ्या दिवशी मित्राला सांगा.
५. एखादी गोष्ट फार आवडली. (‘फार’च्या जागी काय येतं ते बघा.)
६. ठरलेलं सगळं फिसकटलं.
७. एक जण उगाच बडबड करतोय, त्याला थांबवा.
८. पानाचं किंवा चहाचं छोटं दुकान दाखवून ‘तिथे भेटू’ म्हणा.
९. मित्राने मूर्खपणा केला, पण राग नाही, हसू आलंय.
१०. त्याच कारणाने राग आलाय.
११. ‘हो’ म्हणा. आता बाबांना ‘हो’ म्हणा.
१२. ‘मला हे जमणार नाही’ असं मित्राला सांगा.

नववा आणि दहावा प्रसंग पाठोपाठ ठेवण्याला कारण आहे. बऱ्याच वेळा शब्द तोच राहतो, फक्त सूर बदलतो. ते फरक कागदावर उतरत नाहीत, म्हणून आवाज टिपून ठेवा. फोन तोंडापासून हातभर अंतरावर, पंखा बंद, खिडकी लावलेली. बाकी यंत्रं लागत नाहीत.

इतर गावांतल्या माणसांनाही हेच बारा प्रसंग, याच क्रमाने, व्हॉइस मेसेजवर पाठवा. प्रश्न बदलला तर तुलना संपली. ग्रिअर्सननेही हेच केलं होतं: सगळीकडे एकच उतारा आणि २४१ शब्द-वाक्यांची एकच यादी. त्याच्या पद्धतीतली उणीव एवढीच की उतारा भाषांतरासाठी दिलेला होता, त्यामुळे माणसं बोलण्याऐवजी लिहिल्यासारखं सांगत. तुम्ही प्रसंग द्या, भाषांतर मागू नका.

चिठ्ठी कशी लिहायची

वहीत सलग लिहू नका. १० बाय १५ सेंटिमीटरच्या जाड चिठ्ठ्या घ्या, एका चिठ्ठीवर एकच शब्द. पुढे क्रम लावताना चिठ्ठ्या हलवता येतात, वहीची पानं नाही. एक नमुना:

शब्द: पेलवान
ऐकलेलं वाक्य: ‘काय पेलवान, आज गाडी नाही आणली?’
कोण कुणाला: १७ वर्षांचा मुलगा, त्याच वयाच्या बारीक अंगाच्या मित्राला
कुठे: चहाच्या गुमटीवर, संध्याकाळी
त्याने स्वतः सांगितलेला अर्थ: ‘असंच, प्रेमाने’
मूळ: हिंदी ‘पहलवान’, ‘ह’ गळून
मराठी रूपं: पेलवानाला, पेलवानाची
धग: ०
इतर गावं: मुंबई ‘भिडू’, कोल्हापूर ‘भावा’

‘ऐकलेलं वाक्य’ हे घर रिकामं असेल तर ती चिठ्ठी फाडून टाका. नुसता शब्द आणि शेजारी अर्थ अशी नोंद सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही. अर्थ मुलाच्याच शब्दांत लिहा, तुमच्या नाही. ‘पेलवान म्हणजे बलवान मनुष्य’ असं लिहिलंत तर शब्दच हरवला.

‘धग’ ० ते ३ मध्ये मोजा. ० म्हणजे आजीसमोर चालतो, १ म्हणजे मोठ्यांसमोर जीभ चावली जाते, २ म्हणजे फक्त टोळक्यात, ३ म्हणजे भांडणात. हा आकडा गावागणिक बदलतो आणि तुलनेचा सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे. नागपूरला ‘काय बे’ मित्राला सहज म्हणतात, तिथे धग शून्य ते एक. तेच पुण्यात नव्या ओळखीच्या मुलाला म्हटलं तर दोनावर जातं. शब्द सारखा म्हणून मान सारखा, असं समजू नका.

जात, अपंगत्व, रंग किंवा बाईपण यावरून हिणवणारे शब्द मुलांच्या तोंडी येतात. ते टिपा, दडवू नका, पण वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. इतर शब्दांबरोबर गंमत म्हणून छापले तर ज्याच्यावरून तो शब्द निघाला त्याला लागतं, आणि ते तुमच्या हातून झालेलं असतं.

कानाला पडेल तसं लिहा

इंदूरच्या बोलण्यात ‘ह’ गळतो आणि ‘ऐ-औ’ सपाट होतात. ‘बहुत’चं ‘भोत’, ‘रहा’चं ‘रिया’, ‘कह रहा’चं ‘केरिया’, ‘वहाँ’चं ‘वां’, ‘है’चं ‘हे’, ‘और’चं ‘ओर’. चिठ्ठीवर ‘भोत’च लिहा. ‘बहुत’ लिहून कंसात खुलासा केलात की पुढचा वाचणारा ‘बहुत’ वाचतो.

मराठी शब्दांत दोन ठिकाणी कान लावा. एक, ‘च’ आणि ‘ज’. ‘चार’ आकडा आणि गुरांचा ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे. हिंदी शाळेत गेलेल्या मुलाच्या तोंडी दोन्ही एकच होण्याचा संभव असतो. दंत्य उच्चार (‘चारा’तला) ऐकू आला तर अक्षराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या: च़, ज़. दुसरं, ‘ळ’ आणि ‘ण’. ‘शाळा’ची ‘शाला’ ऐकलीत तर दोष माळवीवर टाकू नका. माळवीत ‘ळ’ आहे. तो जातो शहरी हिंदीमुळे. ही चूक फार जण करतात.

प्रत्ययाची कसोटी

आता मुख्य काम. मुलाने वापरलेला परका शब्द त्याच्या मराठीत मुरला आहे की नुसता मधे टाकला आहे, हे कसं कळणार? त्याला विभक्ती लावून घ्या. पण थेट सांगू नका, प्रसंग असा द्या की प्रत्यय लागलाच पाहिजे. ‘चौराहा’ म्हणणाऱ्याला विचारा, ‘कुठे उभा होतास?’ ‘चौराह्यावर’ आलं तर शब्द मुरला, कारण त्याने मराठी सामान्यरूप केलं. ‘चौराहावर’ आलं तर अर्धा मुरला. ‘चौराहे पर’ आलं तर मूल त्या क्षणी हिंदीत गेलं आहे, चिठ्ठी मराठीच्या गठ्ठ्यात ठेवू नका.

क्रियापदात हे आणखी छान दिसतं. ‘निपटाना’पासून ‘काम निपटवलं’, ‘चिपकाना’पासून ‘पोस्टर चिपकवलं’. ‘रायता फैलाना’ हा वाक्प्रचार पूर्ण उचलून ‘रायतं फैलवलं’ होतं तेव्हा नपुंसकलिंग मराठीचं आहे, बाकी सगळं हिंदीचं. पुणेकर तिथे ‘घोळ घातला’ किंवा ‘राडा केला’ म्हणेल. अशी रूपं सहाव्या प्रसंगात हमखास मिळतात.

लिंगही तपासा. नव्या शब्दांचं लिंग ठरलेलं नसतं, म्हणून ते फार बोलकं असतं. ‘रील टाकली’, ‘रील टाकला’ की ‘रील टाकलं’? पंधरा जणांचं उत्तर एका रांगेत मांडा. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, तेव्हा ‘टाकलं’ म्हणणारा मुलगा मराठीतून विचार करतोय एवढं धरायला हरकत नाही.

एक खड्डा इथे आहे. ‘मी करून राहिलोय’ असं कुणी म्हणालं तर ‘नागपूरचा परिणाम’ असं लगेच लिहू नका. विदर्भात हे रूप रोजचं आहे, पण ‘कर रिया हूं’ बोलणाऱ्या इंदूरच्या मुलाकडे ते इथल्याच हिंदीतूनही येऊ शकतं. आजोळ कुठलं ते विचारा. आई अमरावतीची निघाली तर प्रश्न मिटला. नाही निघाली तर दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

सारखे दिसणारे, वेगळे असणारे

यांची स्वतंत्र थप्पी करा. बाहेरगावी गेलेल्या मुलांची फजिती यांनीच होते.

‘नी’ मराठीत ‘आणि’: तू नी मी. इंदूरच्या हिंदीत ‘नी’ म्हणजे नाही. ‘चहा नी’ या दोन शब्दांवर पुण्याचा मुलगा पुढचा पदार्थ ऐकायला थांबतो. ‘कां’ इंदूरला ‘कुठे’, पुण्याला ‘का’ म्हणजे कशासाठी. ‘अपन’ ऐकायला मराठी ‘आपण’सारखं, पण ‘अपन को नी जमता’ म्हणणारा एकटाच असतो, आणि मुंबईतही ‘आपल्याला नाय जमत’ म्हणणारा एकटाच असतो. इथे इंदूर आणि मुंबई एका बाजूला पडतात.

‘गेल्या’ तर जपून वापरायचा शब्द. माळवीत आणि राजस्थानीत ‘गेलो’ म्हणजे वेडा, त्यावरून गल्लीत ‘गेल्या’ होतं. मराठी कानाला ते ‘जाणे’चं रूप वाटतं. त्याला जोडून येणारी रूपं उघड शिवीची आहेत, तेव्हा धग लिहिताना पूर्ण वाक्य बघा.

नात्याचे शब्द इथेच येतात. मराठी घरात ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ, शेजारच्या हिंदी घरात आजोबा, आणि चौकात वजन असलेला माणूस. ‘ताई’ मराठीत मोठी बहीण, हिंदीत मोठी काकू. तिशीतल्या शेजारणीला मराठी मुलाने ‘ताई’ म्हटलं की ती चपापते, आणि मुलाने मान दिलेला असतो. इंदूरची मराठी मुलं घर बघून शब्द बदलतात. कुठे बदलतात ते लिहा.

हाक मारण्याची एक पूर्ण रांग वेगळ्या पानावर उतरवा. इंदूर ‘भिया’, कोल्हापूर ‘भावा’, मुंबई ‘भाय’ आणि ‘भिडू’, जळगाव ‘भो’, नागपूर ‘भाऊ’ आणि ‘बे’, मालवण ‘झिला’. जवळजवळ सगळीकडे भाऊच आहे, पण तो कुणाला म्हणायचा हे वेगळं. इंदूरला ‘भिया’ अनोळखी रिक्षावाल्यालाही चालतो आणि ‘भिया राम’ म्हणून नमस्कारही होतो. ‘झिला’ मात्र वयाने लहानालाच.

बाकीच्या जोड्या पटकन होतात. टपरी पुण्याची, गुमटी इंदूरची, ठेला नागपूरचा, लारी आणि गल्लो वडोदऱ्याचे (मराठी ‘गल्ला’ पैशांचा, तो इथे नको). तास बुडवणं म्हणजे दांडी, बुट्टी, बंक, वडोदऱ्यात गुल्ली, इंदुरात ‘गोल मारला’. ‘फार’साठी लय, जाम, भोत, आणि गुजराती ‘बहु’, जे बोलताना ‘बौ’ होतं.

पडद्यावरचा शब्द ओळखणं

आता एक शब्द कोल्हापुरात निघाला की संध्याकाळी इंदुरात पोचतो. ‘नाद खुळा’ आणि ‘विषय हार्ड’ इंदूरची मुलंही म्हणतात. म्हणून प्रत्येक शब्दाला एक प्रश्न विचारा: ‘हा तुला शेवटचं कुणी म्हटला, कुठे?’ माणूस आणि जागा आठवली तर शब्द जिवंत. ‘असाच माहीत आहे’ असं उत्तर आलं तर चिठ्ठीवर ‘प’ लिहा, पडद्यावरचा. फेकू नका, पण इंदूरच्या यादीत घालू नका.

यादीत घ्यायची अट: एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांच्या तोंडून, तुम्ही न सुचवता आलेला शब्द. दोघांचा असेल तर थांबा. बऱ्याच वेळा ते दोघं एकाच क्लासला जाणारे निघतात आणि शब्द त्या क्लासच्या बाकापुरताच असतो.

शब्द ‘नवा’ म्हणण्याआधी दोन कोश उघडा. मोल्सवर्थचा कोश, दुसरी आवृत्ती १८५७, आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, १९३२ ते १९३८. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत फुकट शोधता येतात. कोशात सापडला तर वर्ष चिठ्ठीवर टाका आणि जुना अर्थ शेजारी लिहा. मग तोच शब्द पासष्टीपुढच्या तिघांना ऐकवा. त्यांच्या वेळी तो कुणाला म्हणत, हे विचारा. इथे शब्द तुम्ही आधी सांगितलात तरी चालतं, कारण आता तुम्ही शोधत नसून पडताळत आहात.

वही लावताना

अकारविल्हे लावू नका. प्रसंगानुसार लावा: हाक, होकार-नकार, कौतुक, फजिती, जागा, वस्तू. डावीकडे इंदूर, मग एकेका गावाचा रकाना. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, अंदाजाने भरू नका. अकारविल्हे सूची शेवटी दोन पानांत येते.

वर तारीख घाला, महिन्यासकट. मुलांचे शब्द लवकर शिळे होतात, तारखेविना वही निकामी. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच पंधरा जणांपैकी जे भेटतील त्यांना तेच बारा प्रसंग पुन्हा द्या आणि नवी उत्तरं वेगळ्या शाईने जुन्या चिठ्ठीच्या मागे लिहा. म्हणून चिठ्ठ्या पहिल्या वर्षी एकाच बाजूला लिहायच्या.